पॅरिसच्या भटारखान्यात

व्यापारी घरातील मूल पूर्वी परदेशी जाई ते हिऱ्याच्या, कापडाच्या किंवा हिशेबशास्त्राच्या निमित्ताने. आता काही घरांत निराळाच हट्ट ऐकू येऊ लागला आहे. मुलीला पॅरिसला जाऊन पेस्ट्री शिकायची असते. मग बैठक बसते. पहिला प्रश्न फीचा निघतो, दुसरा राहण्याचा, तिसरा सोबतीचा. अंड्याचा प्रश्न बहुधा विमानाचे तिकीट काढल्यानंतर निघतो. वास्तविक तो सर्वांत आधी निघावयास हवा.

फ्रेंच गोड पदार्थांचे शास्त्र अंड्यावर उभे आहे, हे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कस्टर्डला दाटपणा येतो तो पिवळ्या बलकामुळे. मेरँग आणि मॅकरॉन उभे राहतात ते पांढऱ्या भागाच्या फेसावर. एक्लेअरचे पोकळ कवच अंड्याविना नीट फुगत नाही. या भटारखान्यांत अंडी नगावर मोजली जात नाहीत, तर वजनावर मोजली जातात: एक अंडे म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, त्यात पांढरा भाग ३० आणि बलक २०. मोठ्या स्वयंपाकघरांत पुष्कळदा ते फोडलेल्या, निर्जंतुक केलेल्या द्रवाच्या रूपात डब्यातूनच येते, म्हणून स्वतःच्या हाताने फोडण्याची वेळ दरवेळी येत नाही. परंतु एवढ्यावर मनाचे समाधान करून घेणे म्हणजे दुकानातील माल मोजताना तराजूवर बोट ठेवण्यासारखे आहे. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार ज्या घरात लहानपणापासून शिकविला जातो, तेथे ‘खाल्ले तर नाही ना?’ हा प्रश्न अपुरा पडतो. उपासकदशांग सूत्रातील पंधरा कर्मादाने ज्यांच्या कानावरून गेली आहेत, त्यांना उपजीविका कोणती निवडावी हा विचार काही नवा नाही. तोच विचार शिक्षणालाही लावावा लागतो, इतकेच.

यावर घरोघरचा निर्णय वेगळा असतो. कोणी हातमोजे घालून शिकण्यास मोकळीक देतात, खाण्यास देत नाहीत. कोणी चॉकलेट, पाव किंवा पूर्णपणे वनस्पतिजन्य पदार्थांचे छोटे अभ्यासक्रम शोधतात. कोणी स्पष्ट नकार देतात, आणि तोही प्रामाणिक निर्णय आहे. यांपैकी कोणत्याही निर्णयापेक्षा वाईट असते ते ‘आधी जाऊ तर द्या, तिथे काय ते पाहू’ हे मोघम बोलणे. कारण मग ते ओझे एकट्या मुलीच्या डोक्यावर जाते. रात्री फोनवर आजी विचारते, ‘आज काय शिकलीस, बेटा?’ नात चॉकलेटचे नाव सांगते आणि कस्टर्डचे गाळते. पहिल्या आठवड्यात एक पदार्थ गाळला जातो, तिसऱ्या महिन्यात फोनच आखूड होतो. दोघींनाही ते कळते, बोलत कोणीच नाही.

शाळेलाही हे आधी विचारलेले बरे. शिकताना चव पाहणे सक्तीचे आहे काय, परीक्षेत कोणते पदार्थ येतात, जिलेटिनऐवजी दुसरा पर्याय वापरू देतात काय, याची लेखी उत्तरे मागवावीत. व्यापारात तोंडी सौद्यावर लाखाचा माल उचलणाऱ्यांनीसुद्धा येथे कागद मागावा.

पॅरिसमधील सर्वांत परिचित शाळा म्हणजे १८९५ मध्ये स्थापन झालेली ल कॉर्दाँ ब्ल्यू. सीन नदीकाठी, शहराच्या पंधराव्या विभागात ती आहे. तिचा पेस्ट्रीचा डिप्लोमा तीन पायऱ्यांचा आहे. आचार्य आधी सर्वांसमोर पदार्थ करून दाखवितात, त्यांच्या फ्रेंच बोलण्याचे इंग्रजी भाषांतर होते; मग विद्यार्थी तोच पदार्थ स्वतः करतात. फेरांदी ही दुसरी नामांकित शाळा पॅरिसच्या व्यापारी मंडळाने, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सने, १९२० मध्ये सुरू केलेली. व्यापाऱ्यांनी चालविलेली पाकशाळा ही कल्पना येथील कोणाही शेठजींना मनापासून आवडावी.

भटारखान्यातील शिस्त पलटणीसारखी असते. पांढरा कोट, एप्रन, केस टोपीखाली, जाड तळव्याचे बूट. आचार्यांच्या प्रत्येक सूचनेवर ‘वी, शेफ’. गरम तवा घेऊन जाणारा ‘शो!’ असे ओरडतो, म्हणजे ‘गरम आहे, बाजूला व्हा’. तासन् तास उभे राहणे ओघाने आलेच. शेवटी आपला ओटा, आपली भांडी, कधी फरशीसुद्धा आपणच पुसायची. जेवलेले ताट उचलण्याची ज्यांना घरी सवय नाही, त्यांना पेस्ट्रीच्या आधी हाच धडा मिळतो, आणि फीमध्ये तो फार स्वस्त पडतो.

या विद्येचा मोठा भाग अंड्याविना आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पफ पेस्ट्रीत मैदा, लोणी, पाणी आणि मीठ एवढेच असते. कणकेच्या घडीत लोण्याची लादी ठेवून लाटायचे, तीन पदरी दुमडायचे, गार करायचे, पुन्हा लाटायचे. असे सहा वेळा केले की ७२९ पदर होतात. तीनाचा सहावा घात, पाढ्यात हुशार असलेल्या मुलाने मनातल्या मनात करावा असा. लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश लागतो, लाटण्यासाठी ८४ टक्क्यांचे अधिक बरे, आणि लोणी व कणीक दोन्ही सारख्याच मऊपणाची असावी लागतात. क्रोसाँच्या पिठातही पुष्कळ ठिकाणी अंडे नसते. ते असते वरून चकाकीसाठी फिरविलेल्या कुंचल्यात, आणि त्या जागी दूध किंवा साय चालते. चॉकलेटचे गनाश, साखरेचा कॅरॅमल, बदाम-हेझलनटचे प्रालिन, पेक्टिनने घट्ट केलेल्या फळांच्या वड्या हे सारे अंड्यावाचूनच होते. फ्रान्समध्ये १९९३ च्या शासकीय आदेशाने ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ म्हणजे काय ते ठरविले: पीठ, पाणी, मीठ आणि खमीर. ज्यांच्या घरी खमिराचेही पदार्थ वर्ज्य आहेत, त्यांना येथेही थांबावे लागते.

अंड्यापेक्षा अधिक फसवे जिलेटिन. मूस, बव्हारुआ, आरशासारखी चमकणारी चकाकी यांत ते असते, आणि युरोपात ते मुख्यतः डुकराच्या कातडीपासून होते. युरोपच्या नियमांनुसार चौदा ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक अक्षरांत छापावे लागतात. अंडे त्यांत आहे, जिलेटिन नाही. म्हणून ठळक अक्षरे पाहून समाधान मानणारा फसतो. बारीक अक्षरे शेवटपर्यंत वाचावी लागतात. ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग, ई ९०४ म्हणजे लाखेची चकाकी. बाबा नावाच्या केकमध्ये रम असते, मादलेनमध्ये पुष्कळदा मध. पहिल्या महिन्यात ही यादी फ्रेंचमध्ये पाठ करणे हे फ्रेंच व्याकरणापेक्षा अधिक उपयोगी.

राहण्याचे म्हणाल तर जुन्या इमारतींच्या अगदी वरच्या मजल्यावर, पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या विद्यार्थ्यांना मिळतात. कायद्याने खोली किमान नऊ चौरस मीटरची असावी लागते, आणि पुष्कळ खोल्या जेमतेम तेवढ्याच असतात. जामीनदार मागतात, तेव्हा घर मिळविण्यासच पहिले काही आठवडे जातात. दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन नोंदवावा लागतो. त्यावर वर्षाला ९६४ तास काम करता येते. दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हटल्याशिवाय काही विचारू नये. न म्हणता थेट भाव विचारणे तेथे उद्धटपणाचे समजतात, आणि पाववाल्याचा चेहरा लगेच बदलतो.

खरी परीक्षा डिसेंबरात. पॅरिसमध्ये तेव्हा सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. नवकारसी आणि चौविहार दोन्ही पाळणाऱ्या मुलीला साडेनऊ ते पाच एवढाच अवधी उरतो, आणि तो बहुतेक वर्गातच जातो. जूनमध्ये उलट, सूर्यास्त रात्री दहाला टेकतो. डब्यात खाकरा, मेथीचे थेपले आणि कोरडी मुगाची डाळ असली की मधल्या सुटीत भागते. तूरडाळ, हिंग, गव्हाचे पीठ गार द्यू नॉरजवळील ला शापेल भागातील तमिळ दुकानांत मिळते. त्याच स्थानकावरून अँटवर्पची गाडी सुटते, सुमारे दोन तासांचा प्रवास. तेथील हिरेव्यापारी जैन कुटुंबांनी विल्राइक उपनगरात संगमरवरी मंदिर उभारले आहे. पर्युषणात एक दिवस तेथे जाऊन यावे. परदेशात आपली भाषा बोलणारे कोणी भेटले की पुढचे दोन महिने सोपे जातात.

परत आल्यावर धंद्याची गोष्ट. मुंबईच्या पूजा धिंग्रा यांनी वकिलीचे शिक्षण सोडून स्वित्झर्लंडला हॉटेल व्यवस्थापन शिकले, पुढे पॅरिसला ल कॉर्दाँ ब्ल्यूमध्ये पेस्ट्री शिकल्या आणि २०१० मध्ये मुंबईत ‘ल क्यांझ’ हे दुकान काढले. नावाचा अर्थ ‘पंधरा’. पॅरिसच्या त्या पंधराव्या विभागाची ती आठवण. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना कुलाब्याचा कॅफे बंद करावा लागला, हेही त्याच खातेवहीत लिहिले पाहिजे. येथील मैदा वेगळा, येथील लोणी वेगळे, आणि मे महिन्यात वातानुकूलित खोलीशिवाय पफ पेस्ट्रीचे पदर एकमेकांत विरघळतात. भांडवलात यंत्रांच्या आधी गार खोली धरावी.

बिनअंड्याच्या मेरँगची युक्ती एका फ्रेंच गृहस्थानेच शोधली, हे गमतीचे आहे. जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखविले की डाळी-कडधान्ये शिजवून उरलेले पाणी फेटले की पांढऱ्या बलकासारखा फेस येतो. काबुली चण्याचे पाणी यासाठी सर्वांत चांगले. पुरणासाठी डाळ शिजवून कट बाजूला काढणाऱ्या घराला हे पाणी अनोळखी नाही. त्याची आमटी होई, त्यात साखर घालून फेटावे असे कोणाला सुचले नव्हते. हा फेस सुमारे शंभर अंशांवर दीड-दोन तास वाळवावा लागतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्याबाहेर तो फार वेळ कुरकुरीत राहत नाही.