सलाईनमध्ये काय होतं?

माझी मुलगी या महिन्यात नऊ महिन्यांची झाली. ती जन्मली त्या दिवसाबद्दल लिहायचं, असं मी दवाखान्यातल्या कॉटवरच ठरवलं होतं. पण आधी टाके, मग दूध, मग जागरणं आणि त्यानंतर कामावर परतणं, यात ते राहून गेलं. शिवाय एक संकोचही होता. मी एम.एस.डब्ल्यू. करून अकरा वर्षं वस्त्यांमध्ये बायकांच्या आरोग्यावर काम करते आहे. गरोदर बायकांच्या बैठका घेते. ‘डॉक्टरांना प्रश्न विचारा, कागद वाचल्याशिवाय सही करू नका’ हे मी किती वेळा सांगितलं असेल, याला गणती नाही. आणि माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी एकही प्रश्न विचारला नाही, एकही कागद वाचला नाही. हे कबूल करायलाच इतका वेळ लागला.

एकेचाळीस आठवडे भरून दोन दिवस झाले होते आणि कळांचा पत्ता नव्हता. तपासायला गेले तर सोनोग्राफीत पाणी थोडं कमी दिसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आज संध्याकाळी ॲडमिट करू, कळा आणू. उगाच रिस्क नको.” वाक्य माझ्याविषयी होतं, पण त्या बोलत होत्या माझ्या नवऱ्याकडे बघून. तो मान हलवत होता. मीही हलवली. घरी बॅग भरताना सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं बाई असं. पोर आपल्या वेळेला येतं.” मी त्यांच्यावर चिडले. माझ्या शिक्षणाने मला एवढं मात्र नक्की शिकवलं होतं, की सासूपेक्षा डॉक्टरचं ऐकायचं.

रात्री एका सिस्टरने आत जेल लावलं. त्याआधी इंग्रजीत छापलेला एक कागद आला. सही आधी नवऱ्याची घेतली, मग माझी. मला इंग्रजी वाचता येतं, तरी मी तो वाचला नाही. सकाळी सहाला सलाईन लावलं. त्यात काय घातलंय ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पोटाला पट्टा बांधला, त्यामुळे कूस बदलता येईना, चालणं तर दूरच. पाण्याचा घोटसुद्धा बंद. मध्येच कुणीतरी यायचं, आतून तपासायचं, दुसऱ्या कुणाला तरी आकडा सांगायचं आणि म्हणायचं, “वाढवा.” काय वाढवायचं ते मला सलाईनच्या नळीकडे बघून कळलं. थेंब भराभर पडायला लागायचे आणि पाच-दहा मिनिटांनी माझं पोट दगडासारखं व्हायचं.

आईने मला कळांचं वर्णन करून ठेवलं होतं. कळ येते, चढते, उतरते, मध्ये उसंत देते, तेवढ्यात बाई दोन शब्द बोलून घेते. माझ्या कळांना तशी चढण नव्हती. त्या एकदम माथ्यावरूनच सुरू व्हायच्या. एक ओसरायच्या आत दुसरी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, मला सोसता येत नाही. दुपारी मी जोरात ओरडले तेव्हा एक सिस्टर म्हणाल्या, “शिकलेल्या आहात ना तुम्ही?” आई आणि नवरा बाहेर बाकड्यावर बसून होते. आत कुणालाही सोडत नाहीत, एवढंच उत्तर त्यांना मिळत होतं. बराच वेळ त्या खोलीत मी आणि ती नळी, दोघीच होतो.

सव्वाचारला मुलगी झाली. तिचं रडणं ऐकू आलं, पण ती दिसली नाही. एका मावशींनी थोडं थांबून “मुलगी आहे” असं सांगितलं. ते थांबणं माझ्या चांगलंच लक्षात राहिलं आहे. बाळ ठणठणीत होतं, तरी ते माझ्या हातात यायला दीड तास गेला. जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, तासाभराच्या आत पाजावं, हे मी चित्रांच्या तक्त्यावर काठी फिरवत बायकांना शिकवत आले आहे. बाहेर त्याच मावशी नवऱ्याला म्हणाल्या, “पहिली बेटी धनाची पेटी! पेढे नाही तर नाही, बर्फी तरी आणा साहेब.” त्याने पेढेच आणले, दोन किलो. पुढे पाचवीला आईने पाटा-वरवंटा पुजला आणि सटवाईसाठी कोरा कागद नि पेन ठेवलं. मी हे काही मानत नाही, पण त्या दिवशी अडवलं नाही. दवाखान्यातून आम्ही एक केस म्हणून बाहेर पडलो होतो. या मुलीचं येणं कुणीतरी मन लावून साजरं करावं, असं मलाही वाटत होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर गैरसमज होईल. कळा आणल्या याबद्दल माझी तक्रार नाही. दिवस उलटून गेले की बाळाला धोका वाढत जातो. एकेचाळीस आठवडे नक्की पुरे झालेल्या बाईला कळा आणाव्यात अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच केली आहे. रक्तदाब वाढला असेल किंवा पाणी फुटूनही कळा येत नसतील, तर हीच औषधं जीव वाचवतात. म्हणून आजकाल शहरांतून ‘नैसर्गिक बाळंतपणा’ची जी महागडी शिबिरं निघाली आहेत, त्यांचीही मला भीतीच वाटते. ‘कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही’ असं आपली आजी म्हणायची. आता तेच बाईला गादीवर बसवून, मंद संगीत लावून सांगतात. औषध घ्यावं लागलं, टाके पडले, सिझर झालं, तर कमी पडली ती बाईच. हे ओझं आपण कुणाच्याही डोक्यावर देऊ नये.

माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या शरीरात काहीतरी सोडलं जात होतं, आणि ते काय आहे, त्याने काय होईल, दुसरा मार्ग आहे का, थोडं थांबलो तर काय, यातलं एक वाक्य माझ्याशी कुणी बोललं नाही. बोलायला पाच मिनिटं पुरली असती. ‘औषधाने आणलेल्या कळा पहिल्यापासून जोरात येऊ शकतात’ एवढं जरी आधी कळलं असतं, तरी मी स्वतःला दोष देत ते दहा तास काढले नसते.

ते औषध ऑक्सिटोसिन. बाईच्या शरीरात ते मुळातच तयार होतं. १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं आणि बनवणाऱ्या व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या शास्त्रज्ञाला १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण आमच्या वस्तीत त्याची ओळख वेगळीच आहे. कामावर परत आल्यावर पहिल्याच बैठकीत मी माझी हकिगत सांगितली, तेव्हा गावाकडून आलेली एक बाई पटकन म्हणाली, “म्हणजे म्हशीला पान्हा सोडायला टोचतात तेच की, ताई!” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण ती अगदी बरोबर बोलत होती.

म्हशींना हे इंजेक्शन सर्रास टोचलं जातं म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायलाच बंदी घातली आणि एकाच सरकारी कंपनीकडे काम दिलं. औषधांच्या प्रश्नावर काम करणारं ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क त्याविरुद्ध न्यायालयात गेलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच पहिलं औषध आहे, त्याचा तुटवडा झाला तर बायका मरतील, हा मुद्दा होता. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. मला या प्रकरणात एक गोष्ट बोचते. म्हशीला टोचण्यावर सरकारने एवढी मोठी कारवाई केली. गावोगावचे इंजेक्शनवाले ‘लवकर मोकळी होशील’ म्हणत बाळ होण्याआधीच बाईच्या दंडात हेच औषध टोचतात, त्याचा तेवढा गाजावाजा कधी झाला नाही. सलाईनमधून जाणारं औषध कळा अती झाल्या तर बंद करता येतं. दंडात टोचलेलं परत काढता येत नाही. गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. आणि ज्या बाईचं आधी सिझर झालंय तिला कळांची गोळी, म्हणजे मिसोप्रोस्टॉल, देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘माझं पहिलं सिझर आहे’ हे बाईने आपणहून, पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे. हे मी आता प्रत्येक बैठकीत सांगते.

सहीचंही थोडं सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात म्हटलं आहे, की उपचाराला संमती रुग्णाचीच हवी, आणि ती नीट माहिती देऊन घेतलेली हवी. त्या खटल्यात बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही. मग शुद्धीवर असलेल्या, तीस-पस्तीस वर्षांच्या बाईच्या आधी तिच्या नवऱ्याची सही कशासाठी घेतात? रुग्णालयं म्हणतात, रिवाज आहे.

मी पैसे भरलेल्या ठिकाणी बाळंत झाले. तिथे मला ‘तुम्ही’ म्हणत होते. आमच्या वस्तीतल्या बायका जातात तिथे ‘तू’ असतं, मांडीवर चापट असते आणि ‘तेव्हा गोड लागलं, आता ओरडतेस?’ हे वाक्य असतं. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की ते प्रशिक्षणात शिकवतात की काय असं वाटावं. आणि या बायकांना तिथे पाठवलं कुणी? आशाताईंनी, अंगणवाडीताईंनी, आपण. ‘घरी बाळंतपण नको, दवाखान्यात चल’ असं दारोदार जाऊन सांगितलं. ते योग्यच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण बाईला दारापर्यंत पोचवून आपण परत फिरलो. दाराच्या आत तिचं काय होतं, याचा तक्ता आपल्याकडे नाही.

त्या सिस्टरही बायकाच आहेत, हे मी विसरत नाही. एकीकडे आठ-आठ खाटा, नोकरी कंत्राटी, पगार तीन-तीन महिने रखडलेला. अशा सिस्टरला ‘हसून बोला’ म्हणून शिकवणं मला थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. म्हणूनच सोबतीणीचा आग्रह धरायला हवा. बाळंतपणात बाईजवळ तिच्या विश्वासाची एक बाई असू द्यावी, असं केंद्र सरकारनेच २०१६ मध्ये कळवलं आहे. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ते आहे. आणि कळा आणण्याची औषधं दिलेल्या बाईला एकटं सोडूच नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट लिहिलं आहे. जवळ आई, जाऊ, शेजारीण, कुणीही बसलं असेल तर पाणी द्यायला, पाठ चोळायला आणि ‘सिस्टर, थेंब फार जोरात पडतायत का?’ असं विचारायला कुणीतरी असतं. समोर साक्षीदार असला की हातही उगारला जात नाही.

आमच्या भागातल्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात हे मागायला आम्ही तेरा जणी गेलो होतो. मुलगीही होती, कडेवर. प्रमुख बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “एका खोलीत चार टेबलं आहेत. एकीची सोबतीण आली की बाकी तिघींची लाज जाते. मध्ये पडदे नाहीत.” मुद्दा खरा होता. आम्ही विचारलं, पडदे का नाहीत? तर मागणी पाठवलेली आहे, मंजुरी आलेली नाही. आमच्या गटात सहा जणी शिवणकाम करतात. त्यांनी तिथल्या तिथे टेबलांमधलं अंतर हाताने मोजलं आणि कापड किती लागेल ते सांगितलं. पडदे आम्ही शिवून देतो, दांड्या तुम्ही लावा. बाई म्हणाल्या, वर विचारून सांगते. त्याला आता तीन आठवडे झाले. येत्या गुरुवारी आम्ही परत जाणार आहोत, कापड घेऊनच.