लांब पाठ आणि पाच अतिचार

पेण तालुक्यातील जोहे गावात गणेशमूर्तीचे कारागीर ओली मूर्ती तळाला आधार देऊनच उचलतात. डॅशहाउंड कुत्र्यालाही तसेच उचलावे: एक हात छातीखाली, दुसरा मागील पायांखाली. आखूड पायांवर लांब पाठ पेलणाऱ्या या जातीत मणक्यातील चकती सरकण्याचा धोका मोठा असतो; म्हणून पलंगावरून उडी मारू देऊ नये. मागचे पाय लटपटू लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

जर्मनीत बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी ही जात घडवली गेली. जमिनीखाली निर्णय एकट्यानेच घ्यावा लागे; हट्ट, भुंकणे, माती उकरणे त्यातूनच आले. माराने तो भित्रा किंवा चावरा होतो. रोज थोडा वेळ, शाबासकी देऊन शिकवल्यास शिकतो.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध. दुकानाच्या वेळात त्याला दिवसभर साखळीने जखडणे हा बंध, छडी हा वध. लाडाने भरवून वाढवलेले वजन हाही त्या पाठीवर लादलेला अतिभारच. कांदा-लसूण त्याला विषारी. जैन स्वयंपाकघरात ती भीती नाही. परंतु मनुका आणि चॉकलेटही घातक, हे मुलांना बजावावे.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात धनासाठी कुत्री पोसणे निषिद्ध मानले आहे. हौसेसाठी आणून पुढे सोडून देणे त्याहून बरे कसे? बारा-पंधरा वर्षे सांभाळण्याची तयारी नसेल, तर पिल्लू आणूच नये.