ऊन फुकट, फोन तीन लाखांचा

फोनच्या पाठीवर काळसर निळी सौर पट्टी, कडांना सोनेरी मुलामा आणि जाहिरातीत ‘निसर्गस्नेही’ हा शब्द. एवढे जमले की किंमत लाखांत जाते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने ते कुठे उडवावेत हे सांगणारे आपण कोण, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. चैन चैन म्हणून विकली असती तर आम्हीही गप्प बसलो असतो. पण इथे ती पर्यावरणाच्या नावाने विकली जाते, आणि पर्यावरण काही खरेदीदाराच्या खासगी मालकीचे नाही. म्हणून हे मुद्दे.

१. आधी हिशेब करू. भर दुपारचे स्वच्छ ऊन दर चौरस मीटरला साधारण १,००० वॅट देते. फोनची पाठ फार तर १५ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद, म्हणजे चौरस मीटरचा जेमतेम शंभरावा हिस्सा. तिच्यावर पडतात दहा वॅट. चांगल्यातली चांगली पट्टी त्यातल्या पाचव्या भागाचीच वीज करते. हाती उरतात दोन वॅट. मार्च २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल प्रदर्शनात इनफिनिक्स कंपनीने सौर फोनचा नमुना मांडला, तेव्हा तिने सांगितलेली कमाल क्षमताही दोनच वॅट होती. आता दुसरी बाजू बघा. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. ती भरायला माथ्यावरचे ऊन सलग नऊ-दहा तास हवे. असा दिवस कोणत्या पंचांगात आहे? कललेला सूर्य, ढग, समोरच्या इमारतीची सावली हे सगळे धरले तर दोन दिवस सहज जातील. साधा २० वॅटचा चार्जर तेच काम दीड तासाच्या आसपास उरकतो. यात तंत्रज्ञांचा आळस नाही. फोनची पाठच तेवढीशी आहे, आणि लाखो रुपये मोजले म्हणून ती रुंद होत नाही.

२. बरे, वाचते किती? फोन रोज पूर्ण चार्ज केला आणि वाटेतली गळती धरली, तरी वर्षाला नऊ-दहा युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरा. झाले शंभर रुपये. वर्षभर न चुकता उन्हात ठेवलेला फोन तुमचे शंभर रुपये वाचवणार असेल, तर ही बचत नव्हे, थट्टा आहे.

३. आणि उन्हात ठेवायचा म्हणजे कुठे? आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानातच वापरावा असे ॲपल स्वतः सांगते. मे महिन्यात अकोल्याचा, चंद्रपूरचा पारा ४५ च्या घरात असतो. त्या दिवसांत साधा फोन गच्चीच्या कठड्यावर थोडा वेळ ठेवून पाहा. आधी पडदा मंद होतो, मग तापमानाची सूचना झळकते आणि चार्जिंग थांबते. पट्टीला ऊन हवे आणि तिच्याच मागे बसलेल्या बॅटरीला ऊन सोसत नाही, असा हा संसार. लिथियमची बॅटरी वारंवार तापली की लवकर म्हातारी होते, हे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल. शिवाय एवढा महाग फोन कव्हरशिवाय कोण वापरतो? कव्हर घातले की पट्टी झाकली. काढले, तर लाखांचा ऐवज पापड-कुरडयांसारखा गच्चीवर वाळत घालून राखण करत बसायचे. वापरणाऱ्याने महागड्या वस्तूची काळजी घेतली की जिचे काम बंद पडते, ती सोय कशी म्हणावी?

४. मुळात ही कल्पना गरिबांसाठी होती, हे आज विसरले जाते. २००९ मध्ये सॅमसंगने भारतात ‘सोलर गुरू’ आणला, किंमत २,७९९ रुपये. तासभर उन्हात ठेवला तर पाच-दहा मिनिटे बोलता येईल, असा कंपनीचा दावा होता. दावा छोटा होता, पण प्रामाणिक होता. बटणांचा फोन, इवली बॅटरी आणि वीज न पोहोचलेल्या खेड्यातला ग्राहक. ‘पोराला शहरात एक निरोप धाडायचा’ एवढीच गरज असलेल्याला ती दहा मिनिटे पुरत. २०१८ मध्ये रशियातील कॅविआर कंपनीने आयफोन एक्सच्या पाठीवर सौर पट्टी चढवली, त्याला ‘टेस्ला’ नाव दिले आणि किंमत ठेवली साडेचार हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळचे तीन लाख रुपये. मूळ आयफोन एक्स आपल्याकडे ८९ हजारांपासून मिळत होता. वरच्या दोन लाखांत नेमके काय घेतले? अंधारातल्या माणसाची गरज उचलून तिचा दागिना केला गेला, आणि त्या दागिन्याचीच किंमत वसूल झाली.

५. ‘संकटात उपयोगी पडेल’ हा विक्रेत्यांचा लाडका युक्तिवाद. कोकणाला विचारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वरून जूनचे ढग, ऊन कुठले! आणि फोन चालू असला तरी करायचे काय? टॉवरच बंद होते. अशा वेळी गावाला हवी असते शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावरची सौर यंत्रणा, तिला जोडलेली मोठी बॅटरी आणि टॉवरला पर्यायी वीज. ज्याला स्वतःपुरती तजवीज हवी, त्याला घडीची सौर पाटी आणि पॉवर बँक काही हजारांत मिळते. ती उन्हात पडते, फोन सावलीत राहतो. संकटाची भीती दाखवून दागिने विकणे हा व्यापार असेल, आपत्ती व्यवस्थापन नक्कीच नाही.

६. आता ‘निसर्गस्नेही’कडे वळू. स्मार्टफोनच्या आयुष्यभरातल्या कार्बनचा मोठा वाटा तो बनवतानाच हवेत जातो. चार्जिंगचा भाग त्या मानाने किरकोळ. म्हणजे धरणीवरचा भार हलका करायचा तर हातातला फोन दोन वर्षे जास्त वापरावा, बॅटरी बदलून घ्यावी. सौर पट्टी चिकटवलेला नवा फोन नेमके उलटे करतो. पट्टीला तडा गेला तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला हात लावणार आहे का? सुटा भाग मिळणार आहे का? ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकावर जबाबदारी आहे. पण काच, धातू, पट्टी आणि बॅटरी एकमेकांना डकवलेली वस्तू शेवटी कुठल्यातरी वस्तीत हातोड्याने फोडली जाते. फोन मिरवणारा एक आणि त्याचा धूर खाणारा दुसरा, हा अन्याय हिरव्या रंगाने झाकला जात नाही.

७. सूर्यावर पैसे लावायचेच असतील तर डोक्यावर छप्पर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॅटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते, आणि अशी यंत्रणा महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट देते. फोनची वर्षाची वीज ती एका दिवसात काढून टाकते. सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या पॅनेलचा विषय निघाला की ‘वर्गणी कोण देणार’ म्हणून उठून जाणारे आपणच, आणि पाठीवर पट्टी असलेल्या फोनपुढे माना डोलावणारेही आपणच!

८. कायदा आपल्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ असे शब्द वापरणाऱ्याने पुरावा दिलाच पाहिजे. मग खोक्यावर छापा ना: पट्टी किती वॅटची, भर उन्हात एका तासात बॅटरी किती टक्के भरते, किती अंशांवर चार्जिंग थांबते, पट्टी बदलायला काय पडते. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायला लावता येतो, तर हे चार आकडे का नाहीत? ते छापले जाईपर्यंत ग्राहकाने दुकानातच विचारावेत, उत्तर लेखी मागावे, आणि टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.