वल्ही मारा, पण आधी पाणी तपासा!

मित्रहो, गॅदरिंग संपलं की आपल्या हॉस्टेलमध्ये समाजकार्याची एक लाट येते. कधी रक्तदान, कधी वृक्षारोपण (ती झाडं आता कुठे आहेत, हे कृपया विचारू नये!). यंदा मेसमध्ये नवीनच टूम निघाली आहे. मागच्या नदीत कयाक आणि होड्या वल्हवायच्या, प्रत्येकाने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यायची आणि जमलेला निधी नदी-संवर्धनाला द्यायचा.

कल्पना मला मनापासून आवडली. इंजिनिअरिंगची पोरं आणि होडी हे नातं तसं जुनंच. पुण्याच्या सीओईपीचा बोट क्लब १९२८ सालचा, आणि त्यांचा रेगाटा बघायला मुळेच्या काठावर आजही गर्दी लोटते. तेव्हा वल्हवायला माझी ना नाही. माझा प्रश्न एवढाच, की 'नदी-संवर्धनाला द्यायचा' म्हणजे नक्की कशाला द्यायचा?

हा प्रश्न मी मेसच्या टेबलावर टाकला. उत्तरं आली ती अशी : टी-शर्ट, बॅनर, पाहुण्यांचा नारळ आणि शाल, आणि उरलेल्या पैशात एक रविवार प्लॅस्टिक गोळा करणे. म्हणजे सोमवारी नदी पुन्हा होती तशीच!

अमेरिकेतल्या बोस्टनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथली चार्ल्स नदी साधारण १३० किलोमीटर लांबीची, एमआयटीच्या अगदी दारातून वाहणारी, आणि एकेकाळी घाणीसाठी प्रसिद्ध. १९६५ साली लोकांनी तिच्यासाठी 'चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन' ही संस्था काढली. 'रन ऑफ द चार्ल्स' ही होड्यांची शर्यत याच संस्थेच्या मदतीसाठी वर्षानुवर्षं भरत आली. १९९५ साली सरकारी पर्यावरण खात्याने नदीला मार्क दिले, ग्रेड 'डी'. आपल्या भाषेत, जेमतेम एटीकेटी! त्याच वर्षापासून संस्थेचे स्वयंसेवक महिन्यातून एकदा, भल्या पहाटे, नदीच्या पस्तीसेक ठिकाणांहून बाटल्या भरून आणू लागले. महिनेच्या महिने तेच काम. ना बॅनर, ना फोटो.

शर्यतीच्या पैशाने नदी साफ झाली का? मुळीच नाही. मैलापाण्याच्या मोठ्या कामांना सरकारी तिजोरीच उघडावी लागली. पण घाण नेमकी कुठून येते, हे आकड्यांनिशी दाखवता आलं. कित्येक इमारतींच्या मैलापाण्याच्या नळ्या चुकून पावसाळी गटारांना जोडल्या गेल्या होत्या. अशा जोडण्या शोधून बंद करण्यात आल्या. पुढे ग्रेड 'बी'च्या घरात गेली आणि २०११ साली या नदीच्या कामाला 'इंटरनॅशनल रिव्हरप्राइझ' मिळालं.

आता आपल्याकडे या. चार्ल्सकाठच्या बोट क्लबांवर झेंडे लावत. निळा म्हणजे खुशाल वल्हवा, लाल म्हणजे पाणी धोक्याचं. आपल्या नदीवर आज कुठला झेंडा लागेल, हे आपल्यापैकी कुणाला माहीत आहे? वास येतो, जलपर्णी दिसते, एवढंच आपलं ज्ञान! खरं तर निकष आपल्या पुस्तकातच आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मते नदीत आंघोळ करायची तर विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा आणि बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी. तो मोजायची विंकलर पद्धत सिव्हिलची पोरं दर वर्षी लॅबमध्ये करतात, जर्नल पूर्ण करतात आणि विसरतात. तेच टायट्रेशन महिन्यातून एकदा नदीच्या पाण्यावर करायला काय हरकत आहे? निधीतून बाटल्या, रसायनं आणि जंतूंच्या तपासणीची बाहेरच्या प्रयोगशाळेची फी भागवा. आकडे दर महिन्याला मेसच्या फळ्यावर लिहा, मेन्यूच्या शेजारी.

कुणी म्हणेल, पाणी एवढं घाण असेल तर त्यात पोरांना उतरवायचं कसं? रास्त शंका आहे. त्यावर काही मित्रांनी तोडगा काढला की कार्यक्रम धरणाच्या बॅकवॉटरवर घेऊ, तिथे पाणी स्वच्छ असतं. हे मात्र मला पटत नाही. आजारी माणसासाठी वर्गणी काढायची आणि भेटायला शेजारच्या ठणठणीत माणसाकडे जायचं, त्यातला हा प्रकार!

माझं म्हणणं असं. आधी तपासणी करा. पाणी योग्य निघालं तर लाइफ जॅकेट घालून, पोहता येणाऱ्यांनी जरूर वल्हवावं. नाही निघालं, तर होड्या काठावर ओळीने ठेवा, लाल झेंडा लावा आणि जमलेल्या लोकांना आकडे वाचून दाखवा. पैसे देणाऱ्यांना ही अट आधीच सांगा, की वल्हवणं रद्द झालं तरी पैसे तपासणीलाच जातील. रद्द झालेला कार्यक्रमच कदाचित सगळ्यात जास्त बोलेल.

आणि पहिली बाटली कुठे भरायची, तेही सांगतो. परवा मी आपल्या प्लंबरकाकांना विचारलं, "काका, हॉस्टेलचं पाणी जातं कुठं?" काका हसले. "कुठं जाणार? खाली ओढ्याला." आणि ओढा कुठे जातो, हे सांगायला नको. परीक्षेत हमखास येणारं गणित करून बघा : ५०० पोरं, माणशी दिवसाला १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी. म्हणजे रोजचे ५४,००० लिटर! आपण ज्या नदीसाठी पैसे मागणार, तिला रोज हा आहेर आपणच करतो आहोत.

तेव्हा रेक्टर सरांना, सिव्हिलच्या सरांना आणि मॅडमना नम्र विनंती, की पहिली बाटली ओढ्याच्या तोंडाशी भरायला आमच्याबरोबर या. आकडा वाईट आला तर लाज आपल्या सर्वांचीच, पण इलाजही आपल्याच हातात. आपली पाइपलाइन दुरुस्त केली, की मग गावाकडे पैसे मागायला ताठ मानेने जाऊ.

बघा, पटतंय का. पहिल्या बाटलीसाठी माझं नाव लिहून घ्या.