छाटल्याने लक्ष्मी जात नाही

मनीप्लांटला कात्री लावली की घरातली लक्ष्मी जाते, असं बजावणारी मंडळी शिवथर गावातही भेटतात आणि मुंबईत स्थायिक झालेल्या त्यांच्या भावकीतही. हे कोणत्या शास्त्रात आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटाचा. आपल्या पोथ्या झाल्या तेव्हा तो इथे कुणी पाहिलाही नव्हता. शिवाय शेत भाजायला राबाचे दिवस आले की हीच माणसं कोयती घेऊन ऐना-किंजळावर चढतात आणि कवळ तोडतात. तेव्हा पाप आड येत नाही, कारण तोडलेला ऐन पुन्हा फुटतो हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: वेल एवढा लांबलाय, म्हणजे जोमातच आहे, मग कापायचा कशाला? तर तो वेल एकदा नीट बघा. खिडकीतल्या कुंडीतून निघून वाशावरून पार माजघरापर्यंत गेलेला. मधल्या देठावर एकही पान नाही, नुसती पेरं आणि पेरांवर मुळांची तपकिरी खुंटं. टोकाला तेवढी तीन-चार फिकट पानं, तीही लांब लांब अंतरावर. याला जोम म्हणायचं? पावसाळ्यात पडवीला प्लास्टिकचा कागद बांधला की घरात दिवसाही दिवा लागतो. त्या अंधारात वेल उजेड शोधत वणवणतोय. हाच वेल बाहेर आंब्यावर चढला तर पान ताटाएवढं होतं. शेंडा वाढत असेपर्यंत त्यातून उतरणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडवला की ते डोळे सुटतात. म्हणून मे महिन्यात, हवेत दमटपणा आणि अंगणात ऊन असताना, कुंडीपासून वीतभर राखून पेराच्या किंचित वर कापावं. कात्री धारदार हवी. चेंगरलेला देठ कुजतो.

छाटल्यावर वेल मेल्याचं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण त्याला मारते ती नंतरची माया. पानं गेली की वेल पाणी कमी ओढतो; घरचे मात्र काळजीपोटी रोज तांब्या ओततात, वर मूठभर शेणखतही. आषाढात शिवथरला दोरीवरचं लुगडं चार दिवस वाळत नाही, तिथे कुंडीतली माती कधी सुकणार? मुळं कुजतात आणि नाव कात्रीचं होतं. बोटाची दोन पेरं खोल माती कोरडी लागेपर्यंत पाणी नको, नवी पालवी दिसेपर्यंत खत नको. कुंडी तेवढी उजेडाला सरकवा.

कापलेले तुकडे पाण्यात ठेवले की मुळं धरतात. मात्र तुकड्याला पेर हवं. नुसत्या पानाला मुळं आली तरी वेल होत नाही. ते तुकडे त्याच कुंडीत लावले की ती भरते. उरलेले शेळीपुढे टाकू नका, हा वेल अळूच्या कुळातला, चीक तोंडाला झोंबतो. पऱ्यात तर मुळीच फेकू नका. श्रीलंकेच्या जंगलात याने झाडं झाकून टाकली आहेत, आणि आपल्याकडे ओल काही कमी नाही. अंगणात कडक वाळवावेत आणि मगच उकिरड्यावर टाकावेत.