वार्षिक सभेतील रिकामी खुर्ची

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे सापडलेली एक मोठी शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख कोरलेले आहेत. त्यांतील जुना लेख ब्राह्मी लिपीत असून ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. प्राण्यांना धरू नये, त्यांचा वध करू नये, अशी आज्ञा त्यात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा संबंध सम्राट अशोकाच्या राजवटीशी जोडला. दुसरा लेख कित्येक शतकांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातला आहे. आपल्या रानात, आपल्या वाटेवर, बावीसशे वर्षांपूर्वी करुणेची राजाज्ञा कोरली गेली होती, हे आज आपणांस ठाऊक आहे.

परंतु वाचकहो, ते आपणांस ठाऊक कसे झाले, याचा विचार आपण कधी केला आहे काय? शिळा स्वतः बोलत नाही. कोणी तरी ती पाहिली, कोणी तिचा ठसा घेतला, कोणी ती सुरक्षित जागी नेली, कोणी ती वाचली व छापली. या प्रत्येक कामामागे एखादी संस्था होती, आणि संस्थेमागे वही, वर्गणी, ठराव व हिशेब होता. इतिहास राजांनी घडविला असेल वा जनतेने. तो टिकविला मात्र नोंदवहीने.

आता आपल्या घराकडे वळू. १४ व १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब १६ ऑक्टोबर रोजी चांद्यास आले व त्यांनी तेथील विराट जनसमुदायास धम्मदीक्षा दिली. पुढे दोन महिनेही लोटले नाहीत तोच ६ डिसेंबरला ते आपणांतून गेले. त्या दिवशी रानवाटांनी, बैलगाड्यांनी व पायी चांद्यास पोचलेल्या लोकांपैकी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. जे वीस वर्षांचे होते, त्यांतील फारच थोडे उरले आहेत. त्यांची आठवण कोठे लिहिलेली आहे? त्या दिवशीचे पत्रक, सभेच्या वर्गणीची पावती, गावकीची कामे सोडल्याचा गावसभेचा कागद, जुने छायाचित्र, हे सारे कोणाच्या घरी आहे? बहुधा आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत. आणि त्या पेटीला एका बाजूने उधई लागली आहे, तर दुसऱ्या बाजूने कवेलूंतून पाणी गळते आहे.

सरकारी दप्तरात सारे असेलच, असे कोणी म्हणेल. तर ध्यानात घ्या की, ज्या दिवशी चांद्याला दीक्षा झाली त्या दिवशी हा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. अवघ्या सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. राज्य बदलले की दप्तर हलते; जिल्हा फुटला की दप्तरही फुटते. ज्या कागदाचा मालक जागा नाही, तो कागद या प्रवासात कोठे राहिला, हे सांगावयास कोणी उरत नाही.

जुन्या कागदाचे हे वेड पोटभरल्या लोकांचे आहे, असे मानणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही दोनच तारखा सांगतो. पहिली, १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशी निघाला. १९९० साली बौद्धांना त्या आदेशात स्थान मिळाले खरे, तथापि जातपडताळणीच्या वेळी आपल्या मुलांकडे पुरावा मागितला जातो तो १९५० पूर्वीचाच. दुसरी तारीख, १३ डिसेंबर २००५. वनहक्क कायद्याने, आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासी कुटुंबाने या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वनातील रहिवास दाखवावयाचा आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात जमीन कसणाऱ्या आमच्या बौद्ध कुटुंबांना हीच अट लागू आहे. या कायद्याच्या नियमांनी कोणता पुरावा ग्राह्य मानला? गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, निस्तारपत्रक, नामवंत संस्थांनी केलेले अभ्यास, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. म्हणजे इतिहाससंशोधक ज्या वस्तू कपाटात जपतो, नेमक्या त्याच वस्तू आपल्या शेताच्या बांधाला आधार देतात. इतिहास हा आपल्यासाठी केवळ अभिमानाचा विषय नाही. तो सातबाऱ्याचा विषय आहे.

मग या वस्तू जपणाऱ्या संस्था कोणत्या व त्या चालतात कशा? महाराष्ट्रात अशा संस्थांची परंपरा जुनी आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. राजवाड्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाचे मंडळ धुळ्यास १९२७ साली निघाले. आपल्या नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ १९३४ साली सुरू झाले. अशा संस्थांविषयी आपला एक दृढ समज आहे की, ती विद्वानांची घरे असून तेथे आपले काही काम नाही. हा समज आम्हांस मुळातच चुकीचा वाटतो. कायद्याच्या दृष्टीने अशी संस्था विद्वानांच्या मालकीची नसते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली कोणत्याही सात माणसांना ती काढता येते. संस्था मोडली तर कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यावयाची नसते. ती दुसऱ्या तशाच संस्थेकडे जाते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याने तिच्यावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत तसा बदल अर्ज द्यावा लागतो. जमीन वा इमारत विकावयाची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

आणि या सर्वांचे मर्म आहे वार्षिक सर्वसाधारण सभा. तिची विषयपत्रिका रुक्ष वाटते: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, वर्षाचा अहवाल वाचणे, तपासलेला जमाखर्च व ताळेबंद मंजूर करणे, हिशेबतपासनीस नेमणे, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरविणे, कार्यकारिणी निवडणे. पण प्रत्येक कलमात काय दडले आहे ते पाहा. अंदाजपत्रकात ठरते की, यंदाचा पैसा सरदार घराण्याच्या दप्तराच्या जतनावर खर्च व्हावा, की गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेण्यावर. कार्यकारिणीच्या निवडीत ठरते की, देणगी म्हणून आलेली कोणती पेटी उघडली जाईल व कोणती कोपऱ्यात पडून राहील. अहवालात ठरते की, या वर्षी इतिहास म्हणजे काय समजले गेले. हे निर्णय हात वर करून होतात. ज्याचा हात सभेत नाही, त्याची पेटी कपाटात नाही.

अशा एका संस्थेच्या वार्षिक सभेला आम्ही स्वतः बसलो आहोत. ठरलेल्या वेळी गणपूर्ती नव्हती. सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, गणपूर्तीच्या अटीवाचून, पुन्हा भरली. जेमतेम डझनभर माणसांनी साऱ्या वर्षाचा कारभार अर्ध्या तासात मंजूर केला. कोणी कपट केले नाही. नियमाप्रमाणेच सारे झाले. दोष होता तो रिकाम्या खुर्च्यांचा. त्यांतील काही खुर्च्या आपल्या होत्या.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. ज्या संस्थांनी आजवर आमच्या वाडवडिलांना ओळीत जागा दिली नाही, त्यांच्या दारात आम्ही का जावे? आक्षेपात दुःख आहे आणि ते खरे आहे. परंतु उत्तर दुहेरी आहे. एक, जेथे सभासदत्व सर्वांना खुले आहे तेथे वर्गणी भरून आत जाणे ही याचना नव्हे, तो हक्काचा वापर आहे. दोन, आपली स्वतःची संस्था उभी करण्यास कोणाची बंदी नाही. अमेरिकेत कार्टर वुडसन यांनी हेच केले. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते. १९१५ साली शिकागो येथे त्यांनी निग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी संस्था काढली, १९१६ साली तिचे त्रैमासिक सुरू केले आणि १९२६ साली निग्रो इतिहास सप्ताह आरंभिला. धनिकांचा आधार आटला तेव्हा शाळामास्तर व सामान्य कुटुंबे यांच्या लहान लहान रकमांवर ती संस्था तगली. शतक उलटून गेले, तरी तिचे काम चालू आहे.

केवळ शासनावर विसंबून चालणार नाही, हेही आपण अनुभविले आहे. बाबासाहेबांचे साहित्य प्रकाशित करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७६ साली समिती नेमली. १९७९ साली पहिला खंड निघाला व वसंत मून यांनी त्या कामी आपले आयुष्य वेचले. त्याच खंडांची छपाई पुढे अशी रखडली की, डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून आपण होऊन दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही गत, तर तुमच्या आजीच्या आठवणीची चिंता कोण वाहील?

आता थोडे कटू बोलतो, रागावू नये. आपल्या गावोगावच्या मंडळांत वार्षिक सभा किती ठिकाणी होते? जयंतीचा जमाखर्च फलकावर किती ठिकाणी लागतो? अध्यक्ष एकदा झाले की तहहयात राहतात, इतिवृत्ताची वही त्यांच्या घरी राहते, आणि ते गेले की वही रद्दीत जाते. मग बदल अर्ज द्यावयाचे राहून जातात, दोन कार्यकारिणी उभ्या राहतात व मंडळाची शक्ती कोर्टाच्या पायऱ्यांवर खर्ची पडते. हा आपला मार्ग नव्हे. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांना देऊन स्वतः कार्यकारी मंडळाची धुरा उचलली, आणि वर्षाचा कारभार अहवालाने लोकांपुढे ठेवला. मानापेक्षा कामाची जागा आणि शब्दापेक्षा हिशेब, हा धडा त्यांनी पहिल्याच संस्थेत घालून दिला.

म्हणून चंद्रपूर व गडचिरोली येथील कुटुंबांना आमची स्पष्ट सूचना आहे. प्रत्येक तालुक्यातून निदान दोन माणसांनी एखाद्या मान्य इतिहास मंडळाचे सभासद व्हावे. वर्गणी वेळेवर भरावी. कारण तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्या सभासदाला १८६० चा कायदा मत देऊ देत नाही. नियमावलीची प्रत मागून वाचावी. सभेची सूचना आली की जावे, ताळेबंद वाचावा, न समजले तर विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. न विचारण्यात मात्र गुन्हा आहे.

जेथे शक्य आहे तेथे सात माणसांनी स्वतःचे मंडळ काढावे, व त्या सातांत निदान तीन स्त्रिया असाव्यात. कारण दीक्षेनंतर घर कसे बदलले, हे त्यांनाच अधिक ठाऊक आहे. पदाधिकाऱ्यांची मुदत ठरवावी. वार्षिक सभेची तारीख वर्षारंभीच बांधावी. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र अनुवर्तन दिनासाठी आपण हजारोंनी जमतोच. त्याच वेळी सभासद नोंदणीचे मेज मांडता येईल. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा, देणाऱ्यास पावती द्यावी, मूळ कागद घरात ठेवावयाचा असेल तर त्याची प्रत घ्यावी. वृद्धांचे जबाब गावाचे नाव, तारीख व दोन साक्षीदारांच्या सह्या यांसह लिहून काढावेत. असा जबाब उद्या इतिहासाच्या ग्रंथातही कामी येईल आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढेही.

वाचकहो, देवटेकच्या शिळेवर ज्याने आज्ञा कोरविली, त्याला शिळेचा भरवसा होता. आपल्याजवळ शिळा नाही; कागद आहे, आणि कागदाला माणसांचा पहारा लागतो. आज सायंकाळी घरातील पेटी उघडा. आत जे असेल त्याची यादी करा. जे वृद्ध अजून आहेत त्यांच्याजवळ बसा. आणि पुढील वार्षिक सभेत ती खुर्ची रिकामी ठेवू नका.