बॅटरीवाल्यांना डोंगर वर्ज्य आहे का?

डोंगरात ई-सायकल घेऊन जाणं म्हणजे चीटिंग, असं ठणकावून सांगणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. तुम्ही पायथ्यापर्यंत कसे येता?

उत्तर मला माहीत आहे. शुक्रवारी रात्री पुण्याहून किंवा ठाण्याहून निघालेली दीड टनाची गाडी, आत पाच माणसं, पहाटे गावातल्या शाळेसमोर पार्किंग. मग बूट चढवायचे आणि 'घाम गाळल्याशिवाय सह्याद्री भेटत नाही' म्हणत फोटो टाकायचा. डिझेलने दीडशे किलोमीटर आणलेलं चालतं, पण माझ्या पायांना अडीचशे वॉटच्या आतली मोटर जोडली की शिखर बाटतं. हे सोवळं मला मान्य नाही.

मी अकोल्यात राहते. (विदर्भातला अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले.) १६४६ मीटरचं कळसूबाई आमच्याच तालुक्यात. तिथे गर्दी असते, गाड्या असतात, कशाची अडचण नसते. पण घनचक्कर, गवळदेव ही दीड हजार मीटरच्या वरची शिखरं घ्या. पायथ्याच्या गावांत एसटी तिच्या वेळेला येते आणि तिच्याच वेळेला परत फिरते. तुम्ही खिंडीत अडकलात म्हणून ड्रायव्हर थांबत नाही. घरात चारचाकी नाही, दुचाकी एकच आणि ती भाऊ कामावर नेतो, अशा मुलीने ही शिखरं फक्त बांधावरून बघायची का? ई-सायकलमुळे माझं परतणं माझ्या हातात आलं. सोवळेवाल्यांना हे दिसत नाही, कारण त्यांची गाडी खाली उभी असते.

शिवाय ती फुकटात वर नेते हाही गैरसमज आहे. मी, सायकल आणि सॅक मिळून नव्वद किलो. एवढं वजन ५०० मीटर उंच न्यायला निव्वळ १२० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा लागते. मोटरमध्ये वाया जाणारी वेगळी. माझी बॅटरी ५०० वॉट-तासांची. त्यातच घाटाचा रस्ता, खड्डे, समोरचा वारा आणि परतीचा प्रवास बसवायचा. म्हणजे पॅडल मारावंच लागतं, आणि रस्ता संपला की पुढचा सगळा चढ पायांचाच.

आणि 'निर्मळ' चढाई म्हणजे नक्की कुठली? कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. हरिहरच्या पायऱ्या कुणीतरी कातळात कोरून ठेवल्यात. त्यावरून चढताना कुणाला चीटिंग आठवत नाही.

आता आमच्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. रस्ता संपला की चाक थांबलं पाहिजे. तिथे 'पण ही इलेक्ट्रिक आहे, धूर नाही' हा युक्तिवाद चालणार नाही. प्रश्न धुराचा नाही, चाकोरीचा आहे. पावलाचा ठसा तुटक असतो, चाकाचा सलग. उतारावर सलग चर पडला की घाटघर-रतनवाडीकडचा पाऊस त्यातून धावतो आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. माथ्यावरच्या सड्यांवर तर कातळावर मातीचा पातळ थर असतो. तिथली माती इतकी निकस की सीतेची आसवं किडे पकडून पोट भरतात. त्यावरून जाड टायर फिरवणाऱ्याला मी निसर्गप्रेमी म्हणणार नाही, बॅटरी सौर ऊर्जेवर चार्ज केलेली असली तरी. या डोंगरांचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हेही सोयीस्करपणे विसरलं जातं.

मग येतं ते आडवाटेचं खूळ. 'अनएक्सप्लोर्ड' हा शब्द ऐकला की मला हसू येतं. ज्या सोंडेवर तुम्ही 'पहिल्यांदा' चढता, तिथे ढोरवाट असते, मोळीची वाट असते, महादेव कोळी आणि ठाकर माणसांचं रोजचं येणंजाणं असतं. फोनवर उतरवलेल्या रेषेला हे माहीत नसतं. ऑक्टोबरातल्या कमरेइतक्या गवताखाली घसारा आहे, हेही तिला माहीत नसतं. गावातल्या वाटाड्याला असतं. त्याचे पैसे वाचवून चुकलेल्यांना रात्री शोधायला तोच टॉर्च घेऊन निघतो, बिनपगारी.

सगळ्यात चीड येते ती कोयता घेऊन कारवीतून 'रूट ओपन' करणाऱ्यांची. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. सहाव्या वर्षी तुम्ही ती छाटलीत, तर त्या जागी बी पडणारच नाही. गावातले लोकही कारवी तोडतात, कुडाच्या भिंतीसाठी. पण कुठली तोडायची आणि कुठली ठेवायची, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. गवा नाही, बिबट्या नाही, पण सात वर्षांचं झाड एका रीलसाठी आडवं करणारा प्राणी आमच्याकडे हल्ली दर शनिवारी दिसतो.

राहता राहिला चार्जिंगचा मुद्दा. रिकामी बॅटरी भरायला अर्धा युनिट आणि वर थोडी वीज लागते. म्हणून कुणाच्या पडवीतल्या बोर्डात न विचारता प्लग खुपसू नका. मावशींना विचारा, जेवण सांगा, आणि त्या 'राहू दे गं' म्हणाल्या तरी पिठलं-भाकरीच्या पैशांत विजेचे धरून द्या. लाइट गेली असेल तर ती येईपर्यंत ओट्यावर बसा. डिझेलवाले तोवर गाडी वळवायला जागा शोधत असतील.